अकोल्याचा सात नंबर

११ जून २०१६, अमरावती

काय झालं ते आधी क्रमाने लिहून ठेवते.

१. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विपुलने अकरा नमुने पाठवले. अकराही त्याने स्वतः बनवलेले नवे रेणू.
२. त्यांतल्या सात नंबरने पेशींचा दाहाचा संदेश बंद केला. पेशी मेल्या नाहीत. प्रयोग तीन वेळा केला, तिन्ही वेळा तेच आलं.
३. माझे मार्गदर्शक रहीम सरांनी पुण्याच्या संशोधन संस्थेला कळवलं. त्यांनी नमुना मागितला. माझ्याकडचा संपला होता, म्हणून विपुलने मे महिन्यात सात नंबर पुन्हा बनवला. निम्मा पुण्याला गेला, निम्मा माझ्याकडे आला.
४. पुण्याला तो काहीच करत नाही असं आढळलं.
५. मी नव्या नमुन्यावर प्रयोग केला. माझ्याकडेही तो काहीच करत नाही.
६. काल पुण्याचं पत्र ईमेलने आलं. प्रत विद्यापीठाला. त्यात एक वाक्य आहे: 'मूळ आकडेवारी प्रत्यक्ष प्रयोगातून आली होती का, याची विभागाने खातरजमा करावी.'
७. विद्यापीठाने कालच ऑगस्टअखेर खुलासा मागितला आहे. तोवर माझा प्रबंध पुढे सरकणार नाही.

आकडेवारी प्रत्यक्ष प्रयोगातूनच आली होती. पण इथे लिहून ते सिद्ध होत नाही, म्हणून त्याला नंबर दिलेला नाही.

१२ जून

रविवार. घरमालकीण गोदाबाई पेपर उलटा घालून त्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. पहिल्या पानावर रोज तेच असतं म्हणून त्या तो उलटाच घालतात. मला म्हणाल्या, "तोंड काऊन असं झालं गं? आन तू तिथं करतं तरी काय दिवसभर, ते एकडाव सांग मले."

सांगितलं. शरीरात काही बिघडलं की काही पेशी इशारा देतात. त्या इशाऱ्याने सूज येते, ठणका लागतो. इशारा गरजेचा आहे, पण काही आजारांत तो थांबतच नाही. युरिक अॅसिडचे खडे सांध्यात जाऊन बसले की असंच होतं. हा इशारा आतून बंद करणारा एक लहानसा रेणू आम्ही शोधतोय.

"म्हंजे दुखणं बंद करायची गोळी."

"गोळी व्हायला दहा वर्षं लागतात. होईलच असंही नाही."

"मंग तोवर झंडू बाम लावतो मी," म्हणाल्या.

रहीम सर हेच विद्यार्थ्यांना भोंगा म्हणून सांगतात. जुन्या कापड गिरणीचा भोंगा. "आपल्याले भोंगा बंद करायचा हाय, गिरणी नाई. गिरणी जाळून भोंगा कोनीही बंद करते." म्हणजे पेशी मारून दाह थांबवला तर तो शोध नव्हे. सात नंबरने एप्रिलमध्ये गिरणी चालू ठेवली होती.

बाबांना अंजनगावला फोन केला. पत्राचं सांगितलं नाही. घरी या वर्षी तूर आणि बोअरचं पाणी सोडून तिसऱ्या विषयाला जागा नाही.

१४ जून

सरांनी बोलावलं. त्यांच्या पायाचा अंगठा पुन्हा सुजलाय. चप्पल काढून पाय खुर्चीवर ठेवला होता. त्यांना हाच आजार आहे, युरिक अॅसिडचा. म्हणाले, "बेटा, तुझ्या सात नंबरचे दोन थेंब टाकून पाहू का इथं?"

मी म्हटलं, माणसावर वापरायची परवानगी नाही, आणि सध्या तो निष्क्रिय आहे.

"मजाक होती," म्हणाले.

विद्यापीठाला द्यायच्या उत्तराचा मसुदा त्यांनी दाखवला. 'सर्व प्रयोगांची, नोंदींची आणि निष्कर्षांची जबाबदारी माझी एकट्याची आहे.' माझं नावच नव्हतं. प्रयोग मी केले आहेत, तेव्हा हे चूक आहे असं मी म्हटलं आणि पेन्सिलीने माझं नाव घातलं. सरांनी कागद परत घेतला, बराच वेळ पाहिला आणि खणात टाकला. म्हणाले, "मले दोन वर्सं राह्यली रिटायर व्हायले. तुले तीस हायेत." याचा मसुद्याशी काय संबंध ते कळलं नाही. दुरुस्ती राहून गेली.

१७ जून

शक्यता तपासतेय.

बाटल्यांची अदलाबदल झाली असेल? एप्रिलचे उरलेले दहा नमुने पुन्हा तपासले. एकही काम करत नाही. म्हणजे चिठ्ठी चुकली असं नाही. पेशी बदलल्या? नव्या मागवल्या, तेच. इशारा मोजायचं इलायसाचं किट? तेच. पाणी? तेच.

राहतो तो नमुनाच. विपुल म्हणतो, दोन्ही वेळा एकाच पद्धतीने बनवला. रोज फोन करतो. आज म्हणाला, "मॅडम, तुमी जेवता का नाई टायमावर?" मी त्याला दोन्ही वेळी बनवलेल्या सात नंबरचे तपासणीचे आलेख पाठवायला सांगितले. पाठवले. तंतोतंत एक आहेत.

मे महिन्यातला नमुना त्याने स्वतः आणून दिला होता. एप्रिलच्या पार्सलवर धूळ आणि तेलाचे डाग होते, तेव्हा मी त्याला फोनवर म्हटलं होतं की हा रेणू आहे, कांद्याचं पोतं नाही. त्यामुळे मेमध्ये तो बर्फ भरलेला थर्मास घेऊन अकोल्याहून स्वतः आला. त्रेचाळीस अंशांत पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. कुरियरनेही चाललं असतं.

१८ जून

मी रिकाम्या बाटल्या फेकत नाही. एप्रिलच्या सात नंबरची बाटली शीतपेटीत उलटी पडलेली सापडली. झाकणात थोडं द्रावण गोठलेलं आहे. आठ-दहा मायक्रोलिटर असेल, डोळ्यात घालायच्या एका थेंबाच्या पावपट.

एवढ्यात दोन गोष्टी होतील. एक तर पेशींवर टाकून ते अजून काम करतं का पाहायचं, नाहीतर नागपूरला पाठवून रेणूचं वजन मोजून घ्यायचं. दोन्ही करायचं तर निम्मं-निम्मं करावं लागेल आणि दोन्हींना कमी पडेल. चुकलं तर एप्रिलचा काहीच पुरावा उरणार नाही.

सरांना विचारलं. म्हणाले, "हात तुझा कापत नाई. तू ठरव."

निम्मं-निम्मं केलं.

२१ जून

तबकडीच्या जवळपास सगळ्या खळग्यांत द्रव पिवळा झाला. पिवळा म्हणजे इशारा चालू. मे महिन्याच्या सात नंबरचे खळगेही पिवळे. एप्रिलच्या झाकणातल्या द्रावणाचे तीन खळगे पाण्यासारखे स्वच्छ.

मधेच वीज गेली. यंत्राचा आकडा घेता आला नाही, म्हणून मी तबकडी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. स्वच्छच होते. वीज आल्यावर पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, जिवंत. मग यंत्रावर आकडा घेतला. एप्रिलसारखाच.

मी खोटं केलेलं नाही.

आता याला नंबर द्यायला हरकत नाही. ८.

२७ जून

नागपूरहून निकाल आला. एप्रिलच्या द्रावणातल्या रेणूचं वजन असायला हवं त्यापेक्षा अठराने कमी आहे. मे महिन्याच्या नमुन्याचं बरोबर आहे.

अठरा म्हणजे पाण्याचा एक रेणू.

मी विपुलला लगेच फोन केला. तो वर्गावर होता, बाहेर आला. मी आकडा सांगितला.

"ऐकताय का?"

"आयकून राहिलो. मॅडम, सात नंबरच्या एका टोकाले आम्ल हाय आन चौथ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल. थे दोन एकमेकाले भेटले त पाणी निघून जाते आन साखळीची रिंग होते. पन बाटलीत बसल्या-बसल्या कशी होईन? त्याले गरमी पायजे. साठ-सत्तर अंश, आन दोन-तीन घंटे तरी."

"तुमच्या प्रयोगशाळेत तापला?"

"आमच्या इथं नळाले आठवड्यातून एकदा पाणी येते, तरी फ्रीज चालू हाय."

मी विचारलं, एप्रिलमध्ये पार्सल कसं पाठवलं होतं.

"एस.टी.नं. कंडक्टरच्या हातात देल्लं."

"आणि कंडक्टरने कुठे ठेवलं?"

"आता थे कसं सांगू मी? मांडीवर घेऊन त बसला नसन ना बापा."

साखळीच्या टोकाला विद्युतभार असतो, त्यामुळे ती पेशीच्या आवरणातून आत जात नाही. रिंगला भार नाही. ती जाईल. अकरा नमुने एकाच पार्सलमधून आले. अशी रिंग होऊ शकेल असा आकार फक्त सात नंबरचा आहे.

सगळं जुळतं. जुळणं म्हणजे पुरावा नाही.

२ जुलै, अकोला ते अमरावती

सकाळी अकोल्याला गेले. विपुलच्या प्रयोगशाळेत चार बाकं, एक जुना ओव्हन आणि थोडं चांगलं काचसामान. विनाअनुदानित कॉलेज आहे, पगार वेळेवर होत नाहीत. तरी सगळ्या बाटल्यांवर तारीख आहे. हे मला आवडलं. त्याला सांगितलं नाही.

परतीला मुद्दाम साधी लाल गाडी पकडली, समोरची सीट. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी आतच असतं, वर बोनेट, त्यावर रेक्झिन आणि गोणपाट. त्या गोणपाटावर तीन पार्सलं, एक हार्मोनियमची पेटी आणि कोणाची तरी पिशवी.

कंडक्टरला विचारलं, पार्सल नेहमी इथेच ठेवता का.

"मंग कुठं ठेवता? खाली ठेवलं त पाय लागते. बोनेट म्हंजे आमचं कपाट हाय."

मी पर्समधून प्रयोगशाळेचा थर्मामीटर काढला आणि गोणपाटाखाली सरकवला. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा थर्मामीटरकडे.

"ताई, गाडीले ताप हाय का?"

मागून एक आजी म्हणाल्या, "बारा वर्सं झाले, खोकूनच राह्यली ते. औषध द्या तिले."

विपुल मला स्टँडवर सोडायला आला होता. आयत्या वेळी तोही चढला. मूर्तिजापूरला काम आहे म्हणाला. मी दर पंधरा मिनिटांनी आकडा सांगितला, त्याने लिहून घेतला. मूर्तिजापूरला चौसष्ट. तिथे तो उतरला आणि समोरच उभ्या असलेल्या अकोल्याच्या गाडीत बसला. मूर्तिजापूरला त्याचं काय काम होतं ते कळलं नाही. बडनेऱ्याला आकडा बहात्तर.

एप्रिलमध्ये तर बाहेरच त्रेचाळीस होतं.

म्हणजे एप्रिलमध्ये डाग लागलेल्या पार्सलमध्ये रेणू तयार झाला. मेमध्ये आम्ही बर्फ घालून तो होऊ दिला नाही. मग तोच बर्फातला नमुना, आम्हाला वाटलं तसा अगदी निर्दोष, पुण्याला पाठवला.

गोदाबाईंनी दारातच विचारलं, "कोन हाय हा अकोल्याचा? रोज फोन करते."

"रसायनशास्त्रज्ञ."

"ते हो. लगन झालं का त्याचं?"

"विचारलं नाही. त्याचा प्रयोगाशी संबंध नाही."

गोदाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. बहुतेक खोकला असावा.

९ जुलै

विपुलने मे महिन्याच्या सात नंबरचं द्रावण सत्तर अंशांवर तीन तास ठेवलं. वजन अठराने कमी झालं. दुसऱ्या बाटलीत त्याने रिंग सरळच बनवली, बोनेट न वापरता. ("बोनेट न वापरता" हे त्याचे शब्द. फोनवर हसत होता.)

दोन्ही पेशींवर टाकले. दोन्हींचे खळगे स्वच्छ. साखळीचे पिवळे.

सरांना तबकडी दाखवायला नेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "मी मानलं. पन पुणं नाई मानत. तुले माहीत होतं ना कोणत्या बाटलीत काय हाय?"

होतं.

"मंग पुन्हा कर. या वेळी मी बाटल्या भरतो."

बरोबर बोलले. मी स्वतःच हे म्हणायला हवं होतं.

१६ जुलै

आजचा दिवस नीट लिहिते.

बुधवारी सरांनी दाराला कडी लावून सहा बाटल्या भरल्या. कशात काय ते एका पाकिटात घालून विभागप्रमुखांकडे दिलं. बाटल्यांवर आकडे लिहिले नाहीत, इंग्रजी अक्षरंही नाहीत. उर्दू अक्षरं लिहिली. मला उर्दू वाचता येत नाही. म्हणाले, "तुझ्या डोक्याले क्रम सापडू नये म्हणून. ए, बी, सी लिहिलं का माणूस अंदाज लावायले लागते."

तीन दिवस लागले. आज शेवटचा टप्पा. विभागप्रमुख, सर, मी. विपुल अकोल्याहून आला होता. त्याला कोणी बोलावलं होतं ते माहीत नाही. तो भिंतीला टेकून उभा.

रंगाचं द्रावण टाकलं. निळा आला. मग आम्ल टाकलं. निळ्याचा पिवळा झाला. चार रांगा पिवळ्या. दोन रांगा स्वच्छ.

विभागप्रमुख म्हणाले, "कोणत्या दोन?"

मला अक्षरांची नावं माहीत नव्हती. मी म्हटलं, "ज्याच्या खाली एक ठिपका आहे ती, आणि ज्याच्या वर तीन ठिपके आहेत ती."

"बे आन से," सर म्हणाले. "पाकीट फोडा सर."

विभागप्रमुखांनी फोडलं. तीन बाटल्यांत साखळी, एकीत नुसतं द्रावण. बे आणि से: रिंग.

सर उठून उभे राहिले, सुजलेल्या पायावर, आणि कोणाला तरी शिवी घातली. बहुतेक अंगठ्याला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भोंगा बंद, बेटा. गिरणी चालू." डोळ्यांत पाणी होतं. पाय दुखत असणार.

विपुल म्हणाला, "मी सांगतलं होतं ना सर, मॅडम चुकत नसतेत."

"तू कवा सांगतलं? तू त मले रोज फोन करून रडून राह्यला होता का मॅडमचं कसं होईन."

हे मला माहीत नव्हतं. सरांना त्याने फोन का केले, मलाच करायला हवे होते.

कँटीनमध्ये दह्यातला गिलावडा खाल्ला, तिघांनी. मी दोन प्लेट खाल्ल्या. चव लागली.

१९ जुलै

पुण्याला सहा बाटल्या पाठवल्या, तशाच उर्दू अक्षरांच्या. कशात काय याची यादी विद्यापीठाकडे बंद पाकिटात. सरांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, 'तपासून घ्या. आमच्याकडून काही लपलेलं नाही, बाटल्यांत काय आहे तेवढं सोडून.' मी हे वाक्य काढायला सांगितलं. काढलं नाही.

८ ऑगस्ट

पुण्याच्या संचालकांचा फोन. त्यांनी दोन अक्षरं ओळखली. बे आणि से.

शिवाय त्यांनी खड्यांनी सुजवलेल्या उंदरांच्या पंजांवर रिंग वापरून पाहिली. तिसऱ्या दिवशीची सूज निम्म्याहून कमी. उंदीर खातात-पितात. हे आम्हाला इथे करताच आलं नसतं.

ते खूप बोलले. "विलक्षण", "अनपेक्षित", "तुमच्यासारख्या लहान केंद्रातून". एकत्र पेटंट घ्यायचं आहे, संमतीचे कागद पाठवलेत. मी पत्रातल्या त्या वाक्याबद्दल विचारलं. म्हणाले, "अहो, तो विषय आता संपला असंच समजा."

सर बाजूला ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "समजा म्हणते! आपन काऊन समजायचं? कागदावर लिहिलं त कागदावरच पुसा ना."

बाबांना फोन करून सगळं सांगितलं, जूनपासूनचं. मग म्हणाले, "आन तू इतके दिवस एकटीच धरून बसली व्हय?" मी म्हटलं, एकटी नव्हते, प्रयोगात तिघं होतो. मागे आई कोणाला तरी ओरडून सांगत होती, "दामिनीचं औषध निंघालं!" औषध नाही, रेणू, असं मी दोनदा म्हटलं. आता अंजनगावात कोणी ऐकणार नाही.

९ ऑगस्ट

विपुल आला होता. पेटंटवर त्याचं नाव पहिलं असावं असं मी सुचवलं, रेणू त्याचा आहे. त्याने नको म्हटलं. "रेणू बोनेटनं बनवला, वळखला तुमी." शेवटी क्रम ठरला: दामिनी, विपुल, अब्दुल रहीम. नावं शेजारी-शेजारी आली यावर तो फार खूश दिसला. मग म्हणाला, "मॅडम, एक इचारू का?"

मी म्हटलं विचारा.

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "अकोल्याले कवा येसान?"

रिंग मोठ्या प्रमाणात बनवताना मला हजर राहायचंच आहे, तेव्हा पुढच्या महिन्यात येईन असं सांगितलं. तो म्हणाला, चालेल, त्याची आईही तेव्हा घरी असेल. त्याच्या आईला रसायनशास्त्रात रस आहे हे माहीत नव्हतं.

१० ऑगस्ट

पुण्याला आज पाठवलेलं पत्र. सरांनी वाचलं, एक शब्द बदलला नाही. खाली माझी एकटीची सही.

'आदरणीय संचालक महोदय,

आपल्या संस्थेने सहापैकी दोन नमुने बरोबर ओळखले आणि पुढची तपासणी केली, याबद्दल आभारी आहे. आपला जूनमधला निष्कर्षही बरोबर होता. आपल्याकडे आलेला नमुना खरोखरच निष्क्रिय होता, आणि याचं कारण आमच्याकडचं होतं. तसं आम्ही विद्यापीठाला लेखी कळवलं आहे.

मात्र आपल्या १० जूनच्या पत्रातलं, मूळ आकडेवारी प्रत्यक्ष प्रयोगातून आली होती का अशी शंका घेणारं वाक्य विद्यापीठाच्या दप्तरात तसंच आहे. आपण ते फोनवर मागे घेतलं. ते लिहून कळवलं होतं, म्हणून लिहूनच मागे घ्यावं. त्याची प्रत विद्यापीठाला आणि डॉ. अब्दुल रहीम यांना पाठवावी, कारण त्या पत्राला उत्तर देताना त्यांनी सगळी जबाबदारी स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतली होती. तेव्हा मला ती मसुद्यातली चूक वाटली होती. काल फाइल पाहिली. तोच मसुदा, माझ्या दुरुस्तीशिवाय, सही करून गेला आहे.

पेटंटच्या संमतीचे कागद मिळाले. ते माझ्या टेबलावर आहेत. आपलं उत्तर आलं की त्याच दिवशी सही करून पाठवीन.

उत्तर सोमवार, २२ ऑगस्टपर्यंत मिळावं, ही विनंती.'